लघवीतलं पोर्फायरिन वाढलंय, म्हणजे पोर्फिरियाच का?

उचगावकर
मंडळी, जरा मदत पाहिजे होती. आमच्या वहिनीचं, वय 31, गेल्या वर्षापासून पोटात दुखणं चालू आहे. दुखणं म्हणजे साधंसुधं नाही, अक्षरशः गडाबडा लोळते, मग दोन-चार दिवसांनी आपोआप कमी होतं, पुन्हा महिन्या-दीड महिन्यानं सुरू. सोनोग्राफी झाली, सीटी झाला, दुर्बीण घालून झाली, शेवटी अपेंडिक्स काढलं तरी दुखणं हाय तिथंच. एका डॉक्टरांनी तर "घरात काही टेन्शन आहे का" विचारून झोपेच्या गोळ्या दिल्या. आता नवीन फिजिशियन दाखवले, त्यांनी लघवीची एक टेस्ट लिहून दिली, युरिन पोर्फायरिन्स. लॅबवाला म्हणाला इथं होत नाही, सॅम्पल मुंबईला जातं. रिपोर्ट काल आला. टोटल पोर्फायरिन वाढलेलं, त्यात कोप्रोपोर्फायरिन नॉर्मलच्या साधारण तिप्पट, बाकीचे सगळे नॉर्मलमध्ये. काउंटरवरच्या पोरानं नेटवर बघून "पोर्फिरिया दिसतोय, आनुवंशिक असतो" म्हणून टाकलं आणि घरात रडारड सुरू. डॉक्टर सोमवारी भेटणार. एवढ्या एका रिपोर्टवर पोर्फिरिया म्हणता येतं का? कुणाला अनुभव?

हार्डविषय
भावा विषय लई हार्ड हाय. नावच उच्चारता येईना तर बरं कधी व्हायचं.

मंगळवारपेठ_काकू
अरे मस्करी काय करतोस, माणसं घाबरलेत. उचगावकर, वहिनींना उपवास आहेत का रे? आमच्या नणंदेच्या जावेला असंच पोटात दुखायचं, नेमकं नवरात्रात. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, त्यात अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं. तिला नंतर पुण्यात काहीतरी असंच पोर्फ नावाचं निघालं होतं. डॉक्टरांनी उपवास कायमचे बंद केले तेव्हापासून बरी आहे. सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतःच साबुदाणा आणून दिला.

सेंट्रीफ्यूज
मी लॅबमध्येच काम करतो म्हणून विचारतो. सॅम्पल कसं दिलं होतं? डबी काळ्या कागदात किंवा अल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळली होती का? पोर्फायरिनला उजेड अजिबात चालत नाही, उघडी बाटली टेबलावर राहिली की आकडे खाली येतात. आमच्याकडं एक पेशंट बुलेटच्या हँडलला पिशवी अडकवून भर उन्हात कागलवरनं सॅम्पल घेऊन आला होता, मी परत पाठवला तर भांडायला लागला. आणि सोबत क्रिएटिनिन केलंय का बघा, नाहीतर ज्यानं दोन तांबे पाणी पिऊन लघवी दिली त्याचं सगळंच पातळ येणार. दुसरं म्हणजे पीबीजी (पोर्फोबिलिनोजेन, पोर्फायरिनच्या आधीचा पदार्थ) केलंय का? रिपोर्टवर असेल तर आकडा टाका.

उचगावकर
फॉइल लावलेली होती, क्रिएटिनिन पण आहे. पीबीजी असं काही रिपोर्टवर दिसत नाही. सॅम्पल दिलं तेव्हा दुखत नव्हतं, मधल्या बऱ्या दिवसांत दिलं.
काकू, उपवास फक्त चतुर्थी, तीपण खिचडी हाणून.

स्लाइडबाई
पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळं गप्प बसवत नाही. आधी काउंटरवरच्या त्या पोराला बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, म्हणता येत नाही.

थोडं सविस्तर लिहिते. रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोखंडवाला भाग, शरीरात टप्प्याटप्प्यानं बनतं, एकूण आठ एन्झाइम्स. गुऱ्हाळात बघा, रस एका काहिलीतनं पुढच्या काहिलीत जातो. मधल्या एखाद्या काहिलीवरचा माणूस ढिला पडला की त्याच्या अलीकडं रस साठतो, ओसंडून बाहेर येतो. कुठं ओसंडलंय ते बघून कुठला माणूस ढिला आहे ते ओळखायचं, एवढीच या सगळ्या टेस्टमागची कल्पना. असं एन्झाइम ढिलं पडून होणारे आजार म्हणजे पोर्फिरिया. सुरुवातीला एएलए, त्यातनं पीबीजी, मग युरोपोर्फायरिन, मग कोप्रो, मग प्रोटो, आणि शेवटी लोखंड बसलं की हीम. केमिस्ट्रीवाले लोक ओरडतील की मधले पदार्थ पोर्फायरिनोजेन असतात आणि त्यांना रंग नसतो, ते ऑक्सिडाइज झाले की पोर्फायरिन होतात. बरोबर आहे, पण इथं तेवढं पुरे.

आता पोटात अटॅक येणारा जो पोर्फिरिया, ॲक्यूट इंटरमिटंट, त्यात पीबीजीच्या पुढचं एन्झाइम निम्मं असतं. अटॅकमध्ये लघवीत पीबीजी भरमसाट येतं, सहसा नॉर्मलच्या दहापटीच्या वर, थोडंथोडकं नाही. म्हणून पोटदुखीच्या पेशंटला पहिली टेस्ट पीबीजी, क्रिएटिनिनसोबत, साध्या एकवेळच्या लघवीवर. 24 तासांची लघवी गोळा करायची गरज नसते. नुसतं टोटल पोर्फायरिन मागवलं की हा असला गोंधळ होतो, कारण कोप्रो वाढायला शंभर कारणं आहेत. लिव्हरचं काहीही, दारू, ताप, काही औषधं, उपाशी राहणं. माझ्या अनुभवात "पोर्फायरिन वाढलं" म्हणून घाबरून आलेल्या दहातल्या नऊ जणांना पोर्फिरिया नसतो.

तालीमवाला
बाई एक नंबर समजावलं. पण गुऱ्हाळावरचा माणूस ढिला नसतोय, मालक पगार देत नसतोय.

रसायनसर
निवृत्त शिक्षक आहे, म्हणून पाल्हाळ सहन करा. पीबीजी तपासायची जुनी पद्धत फार सुंदर होती. एर्लिखचा अभिकारक घ्यायचा, लघवीत मिसळायचा, पीबीजी असेल तर गुलाबी-लाल रंग. पण अडचण अशी की युरोबिलिनोजेनसुद्धा तोच रंग देतं. मग 1941 साली वॉटसन आणि श्वार्ट्झ या दोघांनी त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवायची युक्ती काढली. युरोबिलिनोजेनचा रंग खाली क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो, पीबीजीचा रंग वर पाण्याच्या थरातच राहतो. एक परीक्षानळी, दोन थर, आणि कुठला थर लाल ते बघायचं. आमच्या काळात वॉर्डाशेजारच्या खोलीतच व्हायचं. आता म्हणे सॅम्पल विमानानं जातं.

स्लाइडबाईंनी पोर्फायरिनोजेनचा उल्लेख केला त्याबद्दल धन्यवाद, मी ओरडायच्या तयारीतच होतो.

सेंट्रीफ्यूज
सर ती टेस्ट दिसायला भारी पण फसवी पण होती, कमी प्रमाण असलं तर हुकायची. आता कॉलममधनं पीबीजी वेगळं करून मोजतात, किंवा मास स्पेक. पोर्फायरिनसाठी एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ सुटे करणारं मशीन), फ्लुरोसन्स डिटेक्टर लावून. 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड टाकला की पोर्फायरिन लालभडक चमकतं. स्क्रीनवर एकेक शिखर सुटं दिसतं, युरो आधी, मग सात कार्बॉक्सिलवालं, सहा, पाच, शेवटी कोप्रो.

शाहूपुरीचा_लंडनकर
जॉर्ज तिसरा राजा आठवला. 1966 मध्ये मॅकअल्पाइन आणि हंटर या मायलेकांनी मांडलं की राजाचं वेड म्हणजे पोर्फिरिया, कारण त्याच्या वैद्यांनी गडद रंगाच्या लघवीची नोंद केलेली. मग नाटक, सिनेमा, सगळीकडं तेच. अलीकडच्या बऱ्याच लोकांना ते पटत नाही, त्यांच्या मते त्याला सरळसरळ मानसिक आजार होता. लघवीचा रंग निळसर व्हायला तेव्हाच्या काढ्यातली एखादी वनस्पती पण पुरे होती म्हणतात.

हार्डविषय
म्हणजे राजाला पण काउंटरवरच्या पोरानंच डायग्नोस केलं म्हणा की.

वडणगेकर
पोटाचं नाही पण पोर्फायरिनचाच अनुभव सांगतो. आमच्या थोरल्या काकांच्या हातावर, पालथ्या बाजूला, फोड यायचे. ऊसतोडीच्या दिवसात जास्त. जरा कुठं घासलं की कातडं सोलून यायचं, बरं झालं की पांढरे डाग आणि बारीक बारीक दाणे. गालावर डोळ्यांच्या कडेला केस वाढलेले, तालमीतली पोरं चेष्टा करायची. सगळे म्हणायचे पाचट लागलं, औषध फवारणीचं ॲलर्जी झालं, कुणी म्हणालं बाधा हाय, ज्योतिबाला नारळ पण झाला. शेवटी एका कातड्याच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी मागितली आणि अंधार करून तिच्यावर ते निळं-जांभळं बॅटरीसारखं असतंय ते धरलं. मी तिथंच होतो. कपातली लघवी गुलाबी-केशरी चमकायला लागली ओ. काका म्हणाले "आयला, रंगपंचमी!"

मग मोठी टेस्ट झाली, युरोपोर्फायरिन आणि ते सातवालं दोन्ही भयानक वाढलेलं. पीसीटी नाव सांगितलं, पोर्फिरियाचा कातडीवाला प्रकार. पुढं रक्त तपासलं तर हिपॅटायटिस सी निघाला आणि फेरिटिन (साठलेल्या लोखंडाचा आकडा) पण वाढलेलं. उपचार काय तर दर पंधरा दिवसांनी रक्त काढायचं, बाटलीभर. काकी घाबरली, म्हणाली माणसाला रक्त चढवतात, तुम्ही काढताय काय. हिपॅटायटिसच्या गोळ्या झाल्या, घोट घ्यायची सवय सुटली (हे सगळ्यात अवघड होतं), आता हात झकास आहेत.

स्लाइडबाई
वडणगेकर, फार छान लिहिलंत. पीसीटीमध्ये लघवीतलं पोर्फायरिन हीच खरी टेस्ट, तिथं पीबीजी नॉर्मल असतं. या प्रकारात लिव्हरमधलं लोखंड, दारू, हिपॅटायटिस सी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या अशी कारणं मिळून एन्झाइमला बसवतात, बहुतेकांना तो वारशानं आलेला नसतो. रक्त काढतात ते लोखंड कमी करायला. काहींना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देतात पण अगदी बारीक डोस, आठवड्यातनं दोनदा. हे मुद्दाम लिहिते कारण संधिवातासाठी देतात तसा रोजचा डोस पीसीटीत दिला तर लिव्हरला त्रास होतो.

तुर्कस्तानात 1950 च्या दशकात बियाण्याला बुरशीनाशक म्हणून हेक्झाक्लोरोबेन्झीन लावलेलं असायचं, लोकांनी तोच गहू दळून खाल्ला आणि हजारोंना असाच पोर्फिरिया झाला. लहान मुलांचे हाल झाले.

कटवडा
एक भाबडा प्रश्न. सगळं लघवीतच का येतं? शौचात नाही का येत?

रसायनसर
भाबडा नाही, मूळ प्रश्न आहे. युरोपोर्फायरिनला आठ कार्बॉक्सिल गट असतात, म्हणून ते पाण्यात विरघळतं आणि लघवीतनं जातं. प्रोटोला दोनच, ते पाण्यात विरघळत नाही, पित्तातनं शौचावाटे जातं. कोप्रोला चार, म्हणून ते दोन्हीकडं जातं.

स्लाइडबाई
आणि त्यामुळंच, लहान मुलाला उन्हात गेल्यावर कातडी भाजल्यासारखी आग होते, रडतं, पण फोड दिसत नाहीत, तेव्हा लघवीची टेस्ट लिहून उपयोग नाही. तो प्रोटोपोर्फायरिनचा आजार, लघवी साफ नॉर्मल येणार. तिथं रक्त तपासायचं. लघवी नॉर्मल म्हणून "नखरे करतंय" ठरवलेली मुलं मी पाहिलेली आहेत.

रुईकर_कॉलनी
कोप्रोचा विषय निघालाच आहे तर. माझ्या भावाला लहानपणापासून डोळे किंचित पिवळे. बाकी ठणठणीत, गडावर पळत चढतो. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी कावीळ कावीळ केलं. त्याला पण लघवीतलं कोप्रोपोर्फायरिन करायला सांगितलेलं आणि टोटल नॉर्मल आलं, पण त्यातला एक नंबरचा प्रकार जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले डुबिन-जॉन्सन, जन्मजात पण निरुपद्रवी कावीळ, काही करू नका, मजेत राहा. लग्न झालं, दोन मुलं आहेत.

सेंट्रीफ्यूज
हा हा, बरोबर. कोप्रोचे दोन आयसोमर, म्हणजे एकाच रेणूच्या दोन रचना, एक आणि तीन. आपल्या सगळ्यांच्या लघवीत तीन नंबर जास्त असतो. डुबिन-जॉन्सनमध्ये टोटल नॉर्मल पण एक नंबर 80 टक्क्यांच्या वर. रोटर सिंड्रोम म्हणून तसलीच दुसरी जन्मजात कावीळ असते, तिच्यात टोटलच वाढतं. बिनकामाची वाटणारी टेस्ट पण तिथं नेमकी लागू पडते.

निरामय_जीवन
सगळे फक्त आजारावर बोलताय, कारणावर कुणीच नाही. पोर्फायरिन वाढणं म्हणजे शरीरात हेवी मेटल साठलेत. माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. आम्ही त्याचं युरिनरी पोर्फायरिन प्रोफाइल केलं, त्यात पारा असल्याचं स्पष्ट आलं, आता डिटॉक्स चालू आहे, ड्रिप लावतात. खर्च आहे पण फरक जाणवतो. उचगावकर, वहिनींचं पण मेटल डिटॉक्स करून घ्या, नंबर मेसेजमध्ये देतो.

स्लाइडबाई
निरामय, भाच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण हे उघडच लिहिते, कारण इतर आईवडील वाचतील.

पाऱ्याशी रोज संबंध येणाऱ्या दंतवैद्यांच्या लघवीत काही पोर्फायरिन वाढल्याचे अभ्यास आहेत, ते खरं आहे. पण दोन गटांच्या सरासरीत थोडा फरक दिसणं वेगळं आणि एका पोराच्या कागदावर दोन आकडे वर दिसले म्हणून "पारा आहे" म्हणणं वेगळं. त्याच आकड्यांना ताप, औषधं, खाणं, सॅम्पल ठेवायची पद्धत, वय, पातळ लघवी, सगळं कारण असू शकतं. लहान मुलांच्या लघवीत क्रिएटिनिन कमी असतं, त्यानं भागलं की रेशो आपोआप मोठा दिसतो. पारा बघायचा तर पाराच मोजा ना, रक्तात आणि लघवीत, आणि तोही औषध न देता. आधी धातू ओढणारं औषध पाजून मग लघवीत धातू शोधले तर कुणाच्याही लघवीत सापडतील.

ड्रिपबद्दल: 2005 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा अशाच ड्रिपमध्ये गेला. ईडीटीए, म्हणजे धातू ओढणारं औषध दिलेलं, पण कॅल्शियमवालं नाही, सोडियमवालं. रक्तातलं कॅल्शियम कोसळलं आणि हृदय थांबलं. भाच्याला कुठलं देतात ते बाटलीवर वाचा. आज वाचा.

निरामय_जीवन
ॲलोपॅथीवाल्यांना दुसऱ्यांचं चांगलं झालेलं बघवत नाही.

मंगळवारपेठ_काकू
अरे बाळा, बाटली वाचायला सांगितलं, त्यात कसली पॅथी आली?

रेडिएटर_शिरोली
मी शाळा दहावीपर्यंत, त्यामुळं केमिस्ट्री डोक्यावरनं गेली. पण पोटात दुखणं वाचून लिहितो. आमचं रेडिएटर रिपेअरचं शॉप, वडिलांपासून. सोल्डर मारायचं काम, धूर सगळा नाकातोंडात. वडिलांना असंच पोटात मुरडा मारायचा, शौचाला आठ-आठ दिवस नाही, चेहरा पांढराफट्ट. सगळे म्हणायचे गॅस. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, दातांच्या कडेला निळसर रेघ दाखवली आणि म्हणाले शिसं. तेव्हा पण लघवीची कसलीतरी टेस्ट केली होती, नाव हेच होतं का आठवत नाही. आता आम्ही शॉपमध्ये जेवत नाही, मास्क, कपडे तिथंच बदलतो. वहिनी कुठं कामाला आहेत का?

उचगावकर
नाही हो, वहिनी घरीच. दादा बँकेत. शिशाचा आमचा काय संबंध. पण शौचाचा त्रास आहे, हे खरं.

स्लाइडबाई
रेडिएटर, दहावी असू दे, तुम्ही इथं सगळ्यांच्या पुढं आहात. शिसं हीमच्या साखळीत तीन ठिकाणी पाय घालतं. एएलएचं पीबीजी करणारं एन्झाइम अडवतं, म्हणून लघवीत एएलए वाढतं पण पीबीजी वाढत नाही. पुढं कोप्रोच्या टप्प्यावर अडथळा, म्हणून कोप्रो वाढतं. आणि शेवटी लोखंड बसवणारं एन्झाइम, म्हणून लोखंडाच्या जागी जस्त बसतं आणि रक्तात झिंक प्रोटोपोर्फायरिन वाढतं. रक्तातलं शिसं थेट मोजायची सोय नव्हती तेव्हा कामगारांची तपासणी लघवीतल्या एएलए आणि कोप्रोवरच चालायची. तुमच्या वडिलांची टेस्ट बहुधा तीच.

उचगावकर, वहिनींचं हिमोग्लोबिन किती? आणि सोमवारी डॉक्टरांना एवढं विचारा की पीबीजी आणि एएलए दोन्ही, दुखत असताना, करायचं का.

उचगावकर
हिमोग्लोबिन 8.6. बायकांचं कमीच असतं म्हणून लोखंडाच्या गोळ्या चालू आहेत, तरी वाढत नाही.

सेंट्रीफ्यूज
ओ दादा, त्या सीबीसीची स्लाइड ठेवली असेल तर कुणाला तरी परत बघायला सांगा. तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके आहेत का ते, शिशात दिसतात. मशीन ते सांगत नाही, डोळ्यानंच बघायला लागतं.

तालीमवाला
धागा आता सीआयडी झाला. दया, लघवी तपास.

नवखा_नर्सिंग
एक विचारू का, जर खरंच अटॅकवाला पोर्फिरिया असला तर काय करतात? परीक्षेला आहे.

स्लाइडबाई
ट्रिगर काढायचा (बार्बिच्युरेट, फेनिटॉइन, रिफाम्पिसिन, सल्फा, काही हार्मोनच्या गोळ्या, उपवास), ग्लुकोज भरपूर, दुखण्याला मॉर्फिन चालतं, सोडियमवर लक्ष कारण ते घसरतं आणि फिट येऊ शकते. जोराचा अटॅक असेल तर शिरेतनं हेमिन (हीमचंच औषध), चार दिवस. हेमिन मिळालं की लिव्हर एएलए बनवायचं थांबवतं. वारंवार अटॅक येणाऱ्यांसाठी गिवोसिरान नावाचं इंजेक्शन 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, किंमत विचारू नका. आणि परीक्षेत लिहा की दोषी जीन असलेल्या बहुतेकांना जन्मात कधी अटॅक येत नाही. काकूंच्या नातेवाईक बाईंचे उपवास बंद केले ते अगदी बरोबर, उपाशीपणी हीच साखळी जोरात पळायला लागते.

मंगळवारपेठ_काकू
बघा. आणि मी सांगितलं तेव्हा कुणी लाइक पण केलं नाही.

उचगावकर
अपडेट देतो, उशीर झाला. सोमवारी डॉक्टरांनी पण हेच सांगितलं की कोप्रोवर पोर्फिरिया म्हणता येत नाही. बुधवारी रात्री दुखायला लागलं, ॲडमिट केलं आणि त्याच रात्रीची लघवी फॉइल लावून, बर्फात ठेवून पाठवली. रिपोर्ट: पीबीजी नॉर्मल. एएलए नॉर्मलच्या सहापट. स्लाइड परत बघितली तर ठिपके निघाले. रक्तातलं शिसं पाठवलं, ते आलं 74 (मायक्रोग्रॅम, दर डेसिलिटरला).

मग डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून घेतली आणि वहिनीला एकच विचारलं, "आमच्या औषधांशिवाय पोटात काय काय जातं तेवढं सांगा." वहिनी गप्प. मग आईकडं बघितलं. मूल होत नाही म्हणून दीड वर्षापासून एका ठिकाणच्या भस्माच्या गोळ्या चालू होत्या, सकाळ-संध्याकाळ मधातनं. दादाला माहीत नव्हतं, आईनंच आणून दिलेल्या. अपेंडिक्स काढलं तेव्हा पण चालू होत्या, कुणी विचारलंच नाही. गोळ्या तपासायला दिल्यात, शिसं भरपूर निघालं.

रेडिएटर_शिरोली
74 म्हणजे काय खायचं काम नाही. आमच्या शॉपमधल्या पोरांचं पण एवढं नाही.

स्लाइडबाई
जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 च्या वर गेलं की शिसं कुठनं येतंय ते शोधा. 74 आणि वर त्रास, म्हणजे उपचार हवेतच. आईंना फार बोलू नका, त्यांनी चांगल्याच हेतूनं दिलं.

निरामय_जीवन
मी काय म्हणत होतो? हेवी मेटलच निघालं ना? तेव्हा मला सगळे बोलले.

सेंट्रीफ्यूज
निघालं, पण पोर्फायरिन प्रोफाइलवरनं नाही निघालं. कोप्रोनं फक्त शंका दिली, एएलए आणि पीबीजी शेजारी ठेवल्यावर ती पक्की होत गेली आणि शेवटी रक्तातलं शिसं मोजल्यावर नाव पडलं. भाच्याचा रक्तातला पारा मोजलाय का, एवढंच सांगा.

निरामय_जीवन
नाही मोजला. विचारतो.

रसायनसर
हे "विचारतो" महत्त्वाचं. चांगली गोष्ट.

कटवडा
सगळी भस्मं वाईट का मग? आमच्या घरी आजोबांपासून आयुर्वेद आहे.

गडहिंग्लजची_वैद्य
मी बीएएमएस, प्रॅक्टिस करते. शिशाचं नागभस्म आहेच शास्त्रात, ते लपवण्यात अर्थ नाही. पण सध्या ज्या गोळ्या वृत्तपत्राच्या पुडीत बांधून, नाव नाही, बॅच नाही, अशा मिळतात, त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. गर्भधारणेसाठी येणाऱ्या बाईला मी धातूयुक्त काहीही देत नाही. शिसं हाडात जाऊन बसतं, पुढं गरोदरपणात हाडातनं रक्तात येतं आणि बाळापर्यंत जातं. उचगावकर, वहिनींना मूल हवंय म्हणूनच विचारते, हे कुणी सांगितलं का?

उचगावकर
हो सांगितलं. शिसं काढायच्या गोळ्या सुरू केल्यात, दवाखान्यात राहूनच, रोज रक्त-लघवी बघतात. मुलाचा विचार पुढं ढकलायला सांगितलाय. वहिनीला ते जास्त लागलं, दुखण्यापेक्षा. कालपासून पोट मात्र शांत आहे, काल तांबडा रस्सा मागितला, मिळाला नाही.

एक शंका. कोर्स संपल्यावर परत लघवीतलं पोर्फायरिन करायचं का? लॅबवाला पॅकेज देतोय.

स्लाइडबाई
नको. रक्तातलं शिसं करा, कोर्स झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, आणि मग पुन्हा अधूनमधून. औषध थांबल्यावर हाडातलं शिसं रक्तात येतं, आकडा परत चढतो, घाबरू नका, त्यासाठीच परत मोजायचं. पॅकेजचे पैसे वाचवा. आणि त्या गोळ्या घरात, शेजारी, नात्यात आणखी कोण घेतंय ते बघा.

उचगावकर
आईची धाकटी बहीण घेते, गुडघ्यासाठी. संध्याकाळी जयसिंगपूरला निघालोय.

हार्डविषय
भावा जा आधी. आणि गोळ्या घेऊनच ये, नुसतं सांगून मावशी ऐकायची न्हाई.